तीन सारख्या रेघा

"फुंका, फुंका, अजून, थांबू नका," म्हणत ताईंनी टेबलावर थापा मारल्या, पण पडद्यावरची रेघ जेमतेम वर चढली आणि आडवी झाली. समोरच्या कामगाराने तोंडातली नळी काढली. नाकाचा चिमटा तसाच होता, त्यामुळे तो तोंड उघडं ठेवून धापा टाकत होता.

हा तिसरा प्रयत्न. तिन्ही वेळा आकडा पावणेदोन लिटरच्या आसपास. त्याच्या वयाच्या आणि उंचीच्या माणसाने साडेतीन तरी फुंकायला हवे होते.

"पूर्ण जोर लावा म्हटलं की पूर्ण लावायचा. इथे नाटकं चालत नाहीत," ताई म्हणाल्या. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर त्याच्या कारखान्यातले तिघे बसले होते. त्यातला एक हसला.

"लावला, मॅडम," तो म्हणाला.

ताई या खोलीत बावीस वर्षं लोकांच्या फुप्फुसांची ताकद मोजत होत्या. इस्पितळात सगळे त्यांना फुंकरताई म्हणत आणि त्यांना ते आवडायचं. माणूस खुर्चीत बसला की त्याचं पाणी आपल्याला कळतं, असं त्या सांगायच्या. त्या दिवशी दगडी लाद्या घासायच्या कारखान्यातून चौघे आले होते. त्यांना घेऊन आलेला मुकादम आधीच आत डोकावून गेला होता. सगळ्यांना धुळीतून सुटून हलकं काम हवंय, जरा नीट बघा, असं हळूच सांगून. मग हा माणूस दोन जिने चढून आला. आल्या आल्या ताईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, तर वरचा एकशे चौसष्ट, खालचा शंभर. मन खात असणार, असं ताईंनी तेव्हाच ठरवून टाकलं.

फॉर्मच्या तळाशी दोन चौकोन होते, 'प्रयत्न पुरेसा' आणि 'प्रयत्न अपुरा'. ताईंनी दुसऱ्यात बरोबरची खूण केली, तिची शेपटी नेहमीसारखी लांब ओढली आणि पुढच्याला हाक मारली. प्रयत्न अपुरा असला की आकड्यांना अर्थ उरत नाही. तो कामगार परत लाद्या घासायला गेला.

याला आठ महिने झाले. छातीचे नवे डॉक्टर रुजू झाले आणि त्यांनी नव्या तंत्रज्ञांसाठी वर्ग सुरू केला. जुने कागद काढून, नावं झाकून ते भिंतीवर मोठे करून दाखवायचे. एका सकाळी भिंतीवर तीन रेघा उमटल्या. खाली चौकोनात लांब शेपटीची खूण होती.

ताई शेवटच्या रांगेत होत्या. त्यांनी हातातली वही मिटली.

"इथे प्रयत्न अपुरा लिहिलंय," डॉक्टर म्हणाले. "बरोबर आहे का?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. मग डॉक्टर मागे बघून म्हणाले, "ताई, तुम्हीच सांगा यांना."

ताई उभ्या राहिल्या. उत्तर त्यांना येत होतं. कितीतरी जणींना त्यांनी स्वतः ते शिकवलं होतं.

"चूक आहे," त्या म्हणाल्या. "तिन्ही रेघा एकीवर एक बसतायत. मुद्दाम कमी फुंकणाऱ्याला तीनदा एकसारखं कमी फुंकता येत नाही. एकदा जास्त जातं, एकदा कमी. या माणसाने होतं नव्हतं ते सगळं फुंकलंय."

"याला म्हणतात अनुभव," डॉक्टर म्हणाले. मुलींनी ताईंचं उत्तर वहीत उतरवून घेतलं. ताई खाली बसल्या. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या आणि सगळ्यांना त्या दिसत असतील असं वाटून त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला.

तो दिवस त्यांनी तसाच काढला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन ती खूण आपली असल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, तो माणूस अजून त्याच कामावर आहे का. ताईंना माहीत नव्हतं. मग डॉक्टरांनी दोन पत्रं लिहिली. एक कारखान्याला, या माणसाला आजपासून धुळीत उभं करू नये म्हणून. दुसरं त्याला, सोमवारी तपासणीला बोलावणारं. पहिलं शिपायाबरोबर गेलं. दुसरं मी नेऊन देते, असं ताई म्हणाल्या.

एका लांबलचक चाळवजा इमारतीत, तळमजल्यावर त्याची खोली होती. दार त्याच्या बायकोने उघडलं. ताईंनी इस्पितळाचं नाव घेताच तिने लगबगीने खुर्ची पुसली आणि चहा टाकायला आत गेली. तो खाटेवर उशांना टेकून बसला होता. तीन आठवडे कामावर गेला नव्हता. आठ महिन्यांत माणूस निम्मा झाला होता, पण ताईंना पाहून तो उठायला लागला. ताईंनी घाईने त्याला बसवलं.

बोलायला सुरुवात कुठून करावी ते कळेना, म्हणून त्यांनी पिशवीतून रक्तदाबाचं यंत्र काढलं. या वेळी त्याला पाच मिनिटं गप्प बसू दिलं, हात उशीवर छातीच्या पातळीला ठेवला आणि मग पट्टा बांधला. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. ताईंनी तो आकडा दोनदा वाचला.

खाटेसमोर छताच्या हुकाला दोऱ्याने कागदाची एक पट्टी टांगलेली होती. त्यांचं लक्ष गेलेलं पाहून तो ओशाळला.

"सराव करतो, मॅडम. सकाळ-संध्याकाळ. त्या दिवशी तुमचा वेळ घालवला मी. आता निदान ती हलते तरी." 

"त्याची गरज नाही," ताई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही पूर्ण फुंकलं होतं. मी चुकीचं लिहिलं. कागदावर सरळ दिसत होतं, मी बघितलं नाही. तुम्हाला लोकांसमोर बोलले, तेही चुकलं. माफी मागायला आलेय."

त्यांना वाटलं होतं तो चिडेल. निदान आठ महिन्यांचा जाब विचारेल. तो कागदाच्या पट्टीकडे बघत राहिला.

"पूर्ण फुंकलं होतं?"

"हो."

"म्हणजे तेवढीच आहे?"

ताईंना चटकन समजलं नाही. समजलं तेव्हा त्यांनी यंत्राची नळी उगाचच गुंडाळायला घेतली.

"मला वाटायचं, जोर कमी पडतोय," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या जाणकार. तुम्ही म्हणालात म्हणजे आत अजून असणार. आत थोडी राहत असेल ना, मॅडम? ती बाहेर काढायला शिकलो तर?"

आत थोडी राहते, हे खरं होतं. कितीही जोर लावला तरी प्रत्येकाच्या फुप्फुसात लिटरभर हवा उरतेच, नाहीतर फुप्फुसं मिटून जातील. ती कुणालाच फुंकून काढता येत नाही. ताईंनी त्याला हे हळू आवाजात, जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तो शाळेतल्या मुलासारखा मान डोलावत ऐकत होता.

आतून कपांचा आवाज आला तसा तो पुढे झुकला. "हिला नका सांगू. मागाहून बघतो मी."

बायको चहा घेऊन आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग ताईंकडे.

"काय म्हणतायत मॅडम?"

"सुधारणा आहे म्हणतात," तो म्हणाला.

"मग?" ती खुशीत येऊन ताईंना म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही यांना झापलंत ते बरं केलंत. नाहीतर हे कुठले फुंकतायत. मीच बसवते रोज पट्टीसमोर. काही झालं तरी सोडत नाही."

ताईंनी कप हातात घेतला. खरं बोलून मोकळं व्हायला त्या आल्या होत्या. आता खरं बोलायचं की नाही, हेही त्यांच्या हातात राहिलं नव्हतं.

त्यांनी पत्र काढून खाटेवर ठेवलं. कारखान्याला कळवलंय, धुळीचं काम बंद, सोमवारी दहा वाजता मोठ्या डॉक्टरांकडे यायचं, असं सांगितलं. आणि मग बायकोकडे वळून म्हणाल्या, "तुम्हीही या यांच्याबरोबर."

"मी कशाला? फुंकायचं तर यांना."

तो हसला. हसता हसता खोकला लागला आणि बराच वेळ थांबला नाही. बायको त्याची पाठ चोळत होती, पण बघत होती ताईंकडे. ताईंनी नजर खाली वळवली.

खोकला ओसरला. बायकोने त्याला पाणी पाजलं, उशी नीट केली.

"येईन," ती म्हणाली.