दहावं कलम

आमच्या घरात भावंडांची एक संघटना होती. हसू नका, तिला सनद होती, सचिवालय होतं, आणि अध्यक्षपद दरवर्षी फिरायचं. ती काढली आमच्या थोरल्या भावानं, बाळाचार्यअण्णानं. अण्णा धारवाडला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचा आणि दक्षिण आशियातल्या तेव्हाच्या सात देशांची सार्क म्हणजे त्याचा जीव की प्राण. फळ्यावर तो तिची उतरंड काढायचा. वर राष्ट्रप्रमुखांची शिखर बैठक, तिच्याखाली परराष्ट्रमंत्र्यांची परिषद, मग सचिवांची स्थायी समिती, तळाला तांत्रिक समित्या, आणि सचिवालय काठमांडूला.

"एकमेकांचं तोंड न बघणारे देश एका टेबलाशी बसतात, हे काय थोडं झालं?" तो म्हणायचा. ते बसू शकतात, याचं श्रेय तो सनदेच्या दहाव्या कलमाला द्यायचा. निर्णय सगळ्यांच्या एकमतानं घ्यायचे, आणि दोघांमधली भांडणं बैठकीत काढायचीच नाहीत.

ते कलम आमच्या घरात शिरलं दीपश्रीच्या लग्नामुळे. दीपश्री आमच्या धाकट्या भावाची, श्रीहरीची मुलगी. ओटी भरायच्या वेळी आमची सर्वांत मोठी बहीण अंबूताई ताट घेऊन पुढे झाली. ताई विधवा. व्याह्यांकडच्या बायका कुजबुजल्या आणि श्रीहरी भर मांडवात म्हणाला, "अक्का, तू जरा मागं सर. हे सवाष्णींचं काम." आई गेल्यावर ज्या बाईनं त्याला कडेवर वाढवलं, तिला हे म्हणाला! ताईनं ताट खाली ठेवलं आणि न जेवता सिटी बस धरून रायापूरला आपल्या घरी गेली.

त्यानंतर दोघांचं बोलणं बंद. सण वेगळे, जेवणं वेगळी. मग अण्णानं चौघांची संघटना काढली. श्रावणातल्या एका रविवारी बैठक, यजमान वर्णमालेप्रमाणे: अंबूताई, बाळाचार्य, श्यामला म्हणजे मी, आणि श्रीहरी. माझ्या केशवापुरातल्या घरी सचिवालय, कारण फोन उचलायला मी हमखास सापडायचे. ज्याच्या घरी बैठक तो अध्यक्ष, पण सनदेचा राखणदार कायमचा अण्णाच. दहावं कलम जसंच्या तसं उचललेलं.

आणि खोटं कशाला बोलू, संघटना चालली. दोघंही यायला लागले. ताईकडे लोणच्याची समिती होती, श्रीहरीकडे नळ-मोटारींची, कारण गोकुळ रोडला त्याचं वर्कशॉप होतं. पण वाढताना ताई म्हणायची, "अध्यक्ष महाराज, श्रीहरीला भात हवा का विचारा." श्रीहरी म्हणायचा, "अर्धी मूद, असं सांगा." सगळे हसायचे. मला मात्र हसू येत नसे.

एकदा मी ताईला म्हटलं, आता सोडून दे की. ती म्हणाली, "श्यामे, मला त्याची माफी नको. चार माणसांत मागं सर म्हणाला, तर चार माणसांत एकदा अक्का, पुढं ये म्हणू दे. कोपऱ्यात गाठून म्हणाला तर मी ऐकणार नाही, बघ."

श्रीहरीलाही ते कळत होतं. म्हणून माझ्याकडच्या दुसऱ्या बैठकीत तो पान अर्धं टाकून उभा राहिला. "मला अक्काला काही सांगायचंय."

अण्णानं चमच्यानं पेला वाजवला. "दोघांमधला विषय. दहावं कलम."

"अण्णा, दोन मिनिटं."

"बोलू दे की रे," मी म्हटलं. "अध्यक्ष मी आहे ना?"

"अध्यक्षाला सनद मोडता येत नाही. आज हे काढलं तर उद्या सगळ्यांचं सगळं बाहेर येईल, आणि परत कुणी बसणार नाही. श्रीहरी, पुढच्या वर्षी दुरुस्ती मांड. एकमत झालं की खुशाल बोल."

मला अण्णाचा असा संताप आला! पण त्याला भीती होती, हेही खरं. घर पुन्हा फुटेल ही भीती. त्याच्या शब्दापलीकडे जायची सवय आमच्यात कुणालाच नव्हती. श्रीहरी खाली बसला. ताईच्या हातात भाताचा डाव तसाच थांबला होता. मग तिनं मलाच आणखी भात वाढला, मी नको म्हणत असताना.

पुढचं वर्ष श्रीहरीच्या पाळीचं. दीपश्रीला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस गेले होते. श्रीहरीचा मला फोन आला. "आधी दुरुस्ती मांडतो, आणि त्याच दिवशी दीपूचं डोहाळजेवण. पहिली ओटी अक्का भरेल. व्याह्यांना सांगून टाकलंय, चालत नसेल तर येऊ नका. अक्काला आधी सांगू नको हं, मीच सांगणार."

ताईनं तरी काहीतरी ओळखलं असावं. मला विचारलं, "दीपूसाठी खण घेऊ की नको?" घे म्हटलं. तिनं हिरवा गुळेदगुड्डचा खण घेतला आणि दहा वेळा उलगडून दाखवला.

त्या वर्षी घरोघर चिकनगुनिया. बैठकीच्या तोंडावर अण्णाचे गुडघे धरले, त्याला कूस बदलता येईना. श्रीहरी म्हणाला, आपण तिघं बसू. अण्णा अंथरुणातून म्हणाला, "एक सदस्य नसेल तर शिखर बैठक होत नाही. पुढं ढकला." ढकलली. श्रीहरीनं डोहाळजेवणही ढकललं, नववा महिना लागला तरी.

तोवर ताप ताईला आला. तिचं वय झालं होतं, तिला तो झेपला नाही. तापातच ती गेली. श्रीहरी पोचला तेव्हा तिला बाहेर अंगणात ठेवलं होतं. तिथे चार नाही, चाळीस माणसं होती. तो तिच्या पायाशी नुसता बसला.

तेरावा झाल्यावर अण्णानं काठी टेकत टेकत श्रीहरीच्या घरी बैठक भरवली. खुर्च्या चारच मांडल्या. अण्णा सनदेला सोडून कधी बोलला नव्हता, त्या दिवशीही नाही. म्हणाला, "दहावं कलम रद्द करावं, असा ठराव मी मांडतो." मी हात वर केला. श्रीहरीनं केला नाही.

"श्रीहरी?"

"इरली बिडु, अण्णा. राहू दे ते कलम. आता मला कुणाशी बोलायचंय?"

एकमत झालं नाही. ठराव पडला.

राहिलेलं डोहाळजेवणही त्याच दिवशी होतं. आतून दीपश्री आली, जड पावलानं. मी ताईचा खण ताटात ठेवला, तांदूळ, नारळ ठेवला, आणि थांबले. पहिली ओटी कुणी भरायची, हे कुणीच म्हणेना. व्याह्यांकडच्या बायका दारात उभ्या होत्या, त्या आल्या होत्या.

श्रीहरी उठला. ताईची रिकामी खुर्ची त्यानं उचलून दीपश्रीच्या अगदी समोर ठेवली, ताट तिच्यावर ठेवलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अक्का, पुढं ये."

अण्णाच्या हाताशी पेला होता, चमचा होता. त्यानं तो वाजवला नाही.