वाळीत टाका मला!

आमच्या वाडीच्या गावकीचा पुढारी माझाच नवरा. नाव मी तोंडाने घेत नाय, पण लोक चांगूबाबा म्हणतात, कळायला हवं म्हणून सांगितलं. पोलादपूरवरून आंबेनळीच्या बाजूला चढलं की आमची वाडी. पावसात दरड आली नि शाळेची भिंत बसली, म्हणून या खेपेला पंचायतीचं मतदान खालच्या बौद्धवाडीच्या समाजमंदिरात ठेवलं. झालं! देवळात बैठक बसली नि ह्यांनी फर्मान काढलं, "तिकडं पाय टाकायचा नाय. जो जाईल तो वाळीत."

वाळीत म्हणजे घरी कोण येत नाय, लग्नाला नाय, मयताला नाय. नि आमच्या नातीचं, सेजलचं, लग्न तोंडावर आलेलं!

सेजल मुंबईला नोकरी करते. लग्नासाठी घरी आलेली. चुलीपाशी बसून बोलली, "आजी, वाळीत टाकणं आता गुन्हा हाय. आजोबांवरच केस होईल."

"कुणी केला गो असला कायदा?"

मग पोरीने सगळं सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी प्यायला माणसं गेली, मार खाल्ला, पण मागं हटली नायत. पुढं शिवाशिव पाळणं गुन्हा ठरलं, मत सगळ्यांना मिळालं, नि वाळीतचा कायदाबी त्याच वाटेने आला. "इंग्रजांच्या वेळी जमीनजुमला असलेल्याला, कर भरणाऱ्याला, शिकलेल्याला मत होतं, आजी. तुझ्यासारखीला कोण विचारत होतं?"

माझं डोकंच फिरलं. महाडच्या बाजारात भाजी विकून केस पिकले, दर मार्चला तळ्यावरची गर्दी बघितली, नि मी समजायचे, ते त्यांचं, माझं त्यात काय! माझं त्यात एवढं हाय नि मला कोण बोललंच नाय?

मतदानाच्या सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसले. हे पडवीत बसलेले.

"कुठं गो निघालीस?"

"मत द्यायला."

"त्यांच्या समाजमंदिरात? येड लागलं काय? गावकी काय बोलेल?"

"अवो, दर वेळी शाई लावणारा तुमचं बोट धरतो ना? विचारली का कधी त्याची जात? बोट चालतं, मग पाय का नाय चालत?"

हे खाली बघून बोलले, "शब्द दिलाय मी लोकांना. तुला वाळीत टाकावं लागेल."

"टाका ना! नि भाकरी मागा शेजारणीकडं. तीबी कशी देईल? वाळीतल्या घरचा माणूस तुमी!"

तोंडाने बोलले नि खालची वाट धरली. सेजलच्या हळदीला कोण येईल, हेच डोक्यात. माझ्या हट्टापायी पोरीचा मांडव ओस पडला तर? दोनदा थांबले. मागं मात्र फिरले नाय.

खाली रांगेत बौद्धवाडीची रंगूबाई दिसली. लावणीला आमी एका शेतात राबलेल्या.

"ठकू, एकटीच गो?"

"एकटीच."

"मग ये, माझ्यामागं उभी रा."

उभी राहिले. तेवढ्यात मागून खोकला आला. ह्या खोकल्यासंगं संसार केलाय मी, चुकेन कशी? वळून बघते तर हे! तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. नि मागं अर्धी वाडी. बाया खिदळत होत्या, "चांगूबाबाच निघाले, मग आमी काय घरी बसू?"

"घरच वाळीत गेल्यावर मी कुठं जाऊ?" हे माझ्याकडं न बघता पुटपुटले.

आता कोण कोणाला वाळीत टाकतो? माझ्या सेजलची हळद वाचली गो बाय! जीव असा भांड्यात पडला की भर रांगेत रडू फुटलं. रंगूबाईने आपल्या पदराने माझे डोळे पुसले.

मतं देऊन चढ चढताना ह्यांना राहवेना. "एवढं रामायण केलंस, मत कुणाला दिलंस ते तरी सांग."

लग्न झाल्यापासून हे सांगतील त्यालाच मत देत आले मी. त्या दिवशी पयल्यांदा मनाने दिलं.

"सांगणार नाय," मी बोलले. "मत गुपित असतं. तोबी कायदाच हाय."