शिंपीतात्यांच्या कानातला भुंगा

शिंपीतात्यांच्या कानात ऐकायचं मशीन बसलं आणि तिथं एक भुंगा राहायला आला. जवळचा मोबाईल वाजण्याआधीच तो गुणगुणायचा, म्हणून अख्खी आळी 'आता फोन येणार नाही ना?' असं तात्यांना विचारूनच जेवायला बसायची. पण परदेशातल्या लेकीचा फोन कानाला लावला की नुसतं घर्रर्र! मशीन काढलं तर तेवढंही नाही. वर्ष झालं, लेकीचा एक शब्द कानी पडला नव्हता.

रविवारी बायकोनंच फोन घेतला. अर्धा तास बोलली, पोट धरधरून हसली.

"काय म्हणाली?" तात्या खेकसले.

"बरी आहे म्हणाली."

"अगं, ठाणभर कापडातून मला एवढीशी चिंधी देतेस होय?"

"अहो, तुमची नक्कल करत होती. त्यात काय सांगायचं?"

"जशीच्या तशी करून दाखव. नाहीतर हे मशीन इस्त्रीखाली घालतो!"

बायकोनं फोन लांब ठेवला, कानामागे हात धरला आणि अगदी लेकीच्या सुरात ओरडली, "आँ? आँ? मोठ्यानं बोल गं!"

तात्यांनी कात्री खाली ठेवली. वर्षभरात लेकीकडून आलेला पहिला अख्खा निरोप, आणि तोही त्यांचाच.

"आँ?" ते म्हणाले. "पुन्हा एकदा कर."