कापडी पिशवीतला फोन

"तो दैत्य आधी भिंतीतून काढ," बॅटरीकाका स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले.

दैत्य म्हणजे काकूंचा चार्जर. पांढरा, जाडजूड, मुठीएवढा. मुलीने आईवडिलांना एकाच दिवशी एकसारखे दोन फोन पाठवले होते आणि प्रत्येक खोक्यात असा एकेक चार्जर होता. काकूंनी आपला ओट्याजवळच्या प्लगात खोचला होता. भाजी चिरून होईपर्यंत फोन जवळजवळ भरलाही होता. काकांनी मात्र स्वतःचा चार्जर खोक्यातून बाहेरसुद्धा काढला नाही. माळ्यावरून एक जुना मरतुकडा चार्जर शोधून त्यांनी त्याला नवी वायर जोडली. त्याने फोन भरायला अख्खी दुपार लागे, आणि काकांना तेच हवं होतं.

"हात लावून बघ, कसा तापलाय. इतक्या जोरात भरलेलं टिकत नसतं. वर्षभरात मरेल तुझा फोन."

"मरेना का. तोवर माझं बोलून तर होईल," काकू म्हणाल्या आणि फोन पिशवीत टाकून बाजारात गेल्या.

काकांना बॅटरीतलं कळत होतं, यात वाद नव्हता. आळीत त्यांना बॅटरीकाका म्हणत ते उगाच नाही. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीच्या खोलीत काढली होती. इमारतीच्या तळाशी मोठाले पंखे घरघरत असत, आणि त्यांच्या वाऱ्यात कमरेइतक्या उंच पारदर्शक डब्यांच्या रांगा उभ्या होत्या. आत शिसं आणि ऍसिड. वीज गेली की साऱ्या शहराचे फोन त्या डब्यांवर चालत. म्हणून डबे कायम भरलेले हवेत. एकदम नाही, थेंबाथेंबाने भरत राहायचे, पण रिकामे म्हणून पडू द्यायचे नाहीत. काका काचेच्या नळीने ऍसिड तपासत, वरून पाणी घालत, प्रत्येक डब्याचं डोकं फडक्याने पुसत. त्यांच्या काळात ते एक्स्चेंज कधी मुकं झालं नाही. शर्टांना ऍसिडची बारीक भोकं पडत, ती काकू रफू करत बसत.

त्या खोलीने काकांना एक खोड मात्र लावली. जागा सोडायची नाही. रजा घेतली की त्यांना वाटे, वीज आजच जाणार. मुलीच्या लग्नातसुद्धा पाहुणे जेवायला बसल्यावर ते हळूच उठून डब्यांकडे एक चक्कर मारून आले होते. पुढे डबे गेले, पाणी न लागणाऱ्या बंद पेट्या आल्या, आणि काका निवृत्त झाले. खोड राहिली. आता ते घर सोडेनात. घरात सांभाळण्यासारखं काय होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

मुलगी आगगाडीने दीड दिवसाच्या अंतरावर राहत होती. बाळंतपणाला काकू एकट्याच जाऊन आल्या. बाबा का आले नाहीत, असं तिच्या सासूने विचारलं तेव्हा काकूंनी गुडघ्यांचं कारण पुढे केलं. काकांचे गुडघे ठणठणीत होते. नवरा जिवंत असून आपण विधवेसारख्या एकट्या प्रवास करतो, हे काकूंना लागलं होतं, आणि त्यांनी ते एकदा बोलूनही दाखवलं होतं. काकांनी पेपरची घडी घातली आणि बघू म्हणाले. त्यांच्या तोंडी बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

नवा फोन काकांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला. बैठकीतल्या फळीवर त्याची जागा ठरली. मरतुकडा चार्जर रात्रंदिवस लावलेला. फोन कायम भरलेला हवा, शंभराच्या खाली उतरलेला काकांना खपत नसे. वर धूळ नको म्हणून त्यांनी काकूंकडून उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी शिवून घेतली. बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा फोन त्या पिशवीत असे, वायर तेवढी बाहेर. रविवारी मुलीचा व्हिडिओ कॉल आला की काका पिशवी खाली सरकवून, वायर न काढता, फळीपाशी मान वाकडी करून बोलत. त्यामुळे मुलीला दर वेळी बाबांच्या मागे तीच भिंत आणि तेच घड्याळ दिसे.

काकू कुठूनही बोलत. कधी गच्चीवरून, कधी दवाखान्याच्या रांगेतून, कधी बसमधून. नातीला वाटे, आजी रोज नव्या घरी राहते.

पैज लागली ती अशाच एका रविवारी, कॉल संपल्यावर. नात चालायला लागली होती. तिने आजोबांना हाक मारली, आणि आजोबा भिंतीला टेकून नुसते हसले. कॉलनंतर काकूंनी पिशवी पुन्हा फोनवर ओढली. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं, माझा फोन आधी मरणार."

"मरणारच."

"मग लावा पैज. माझा आधी गेला, तर मी तिकडे चला म्हणून पुन्हा तोंड उघडणार नाही. तुमचा आधी गेला, तर मुकाट्याने बॅग भरायची."

काकांनी हसत हसत हो म्हटलं. जिंकलेल्या पैजेला कोण नाही म्हणतो? साक्षीला तिसरं कुणी नव्हतं.

काकू सपशेल हरणार, असं काका धरून चालले होते. महिन्या-दोन महिन्यांनी ते काकूंचा फोन हातात घेऊन बघत, आणि काकू विचारत, "आहे का अजून धुगधुगी?" धुगधुगी चांगली होती. काका म्हणत, दम धर, अजून दिवस आहेत.

दिवस काकूंनाच कमी होते. दोन हिवाळे गेले आणि त्यांना धाप लागू लागली. हृदयाचं दुखणं निघालं, दवाखान्यात ठेवावं लागलं. काका खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहिले. घर सोडून ते पहिल्यांदाच इतके दिवस बाहेर होते, आणि घराची आठवण त्यांना एकदाही झाली नाही. काकूंनी तिथेही दैत्य नेला होता. परिचारिका औषध देऊन जाईपर्यंत फोन भरे, मग त्या मुलीशी चार शब्द बोलत. एका संध्याकाळी फोन उशाशी ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "पैज अजून चालू आहे बरं का."

"तू आधी बरी हो," काका म्हणाले. "मग बघू."

काकू त्या आठवड्यात गेल्या.

मुलगी आली, राहिली, बाबांना घेऊन जायचं म्हणून अडून बसली, आणि शेवटी एकटीच परत गेली. काकूंचा फोन काकांनी बंद करून काकूंच्या चष्म्याशेजारी खणात ठेवला. दर रविवारी मुलगी विचारी, बाबा, कधी येताय? काका म्हणत बघू. मागे तीच भिंत, तेच घड्याळ. संध्याकाळी बाहेर चप्पल वाजली की त्यांची मान अजून दाराकडे वळे. हे सांगायला घरात कुणी नव्हतं, आणि फोनवर सांगायची त्यांची रीत नव्हती.

मग एका रविवारी पिशवी खाली सरकेना. काकांनी ओढून काढली, तर फोनची पाठ फुगून वर आली होती, काच एका कडेने उचलली गेली होती. त्यांनी वायर काढली. त्यांना आधी भीती वाटली, मग राग आला. जुन्या चार्जरचा, फोन बनवणाऱ्यांचा, कुणाचा तरी.

चौकात एक बाई फोन दुरुस्तीचं दुकान चालवत. कपाळावर भिंग चढवलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी फोन हातात घेतला आणि लगेच एका पत्र्याच्या डब्यात बाजूला ठेवला. आता हा लावायचा नाही, म्हणाल्या. मग विचारलं, कसा चार्ज करायचात? काकांनी सगळं सांगितलं. हळू चार्जर, कायम भरलेला, पिशवी, आणि एक्स्चेंजमधले डबेसुद्धा. सांगताना त्यांचा आवाज जरा चढला, पूर्वी नव्या पोरांना खोली दाखवताना चढायचा तसा.

बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "काका, तुमचे ते डबे भरलेले राहिले की खूश. ही जात वेगळी. हिला सतत शंभरावर डांबून ठेवलं की ती आतल्या आत खराब होते. त्यात वरून पिशवी. उष्णता कुठे जाणार?"

"आणि जोरात भरला तर?"

"थोडा फरक पडतो. खूप तापला तर जास्त पडतो. पण फोन भरत आला की आपला आपण वेग कमी करतो. त्यानं इतकं काही बिघडत नाही."

काकांनी खिशातून काकूंचा फोन काढला. येताना त्यांनी तो का घेतला, हे त्यांचं त्यांनाही नीट माहीत नव्हतं. बाईंनी आपल्या चार्जरवर लावून तो चालू केला, आत कुठेतरी जाऊन पाहिलं. बॅटरी उत्तम आहे, म्हणाल्या, अजून दोन-तीन वर्षं सहज. कुणाचा आहे?

"घरातल्यांचा," काका म्हणाले.

तुमच्या फोनात नवी बॅटरी घालून देते, काचही बसेल, उद्या न्या, असं बाई म्हणाल्या. काकांनी पत्र्याच्या डब्यातल्या फोनकडे पाहिलं. नवी बॅटरी घातली असती तर फोन पुन्हा फळीवर गेला असता, रविवारी पुन्हा तीच भिंत दिसली असती. कुणाला काही कळलं नसतं. पैज माहीत असलेलं दुसरं माणूस विचारायला येणार नव्हतं.

"नको," ते म्हणाले. "तो गेला."

पिशवी तेवढी त्यांनी घडी घालून खिशात ठेवली.

घरी येऊन काकांनी बॅग भरली. तीन शर्ट, स्वतःचा आणि काकूंचा चष्मा, नातीसाठी कापडी पिशवी. तिला त्यात काय ठेवायचं ते ठेवता आलं असतं. दूध बंद करायला सांगितलं, गॅस दोनदा तपासला, दुसरी किल्ली शेजारी दिली. निघायच्या आधी दैत्य ओट्याजवळच्या प्लगात लावला आणि काकूंचा फोन त्याला जोडून, त्यावर हात ठेवून काका समोर उभे राहिले. फोन गरम झाला. काकांनी हात काढला नाही. शंभराची वाट न पाहता वायर काढली आणि दैत्यही बॅगेत टाकला.

गाडी सुटून शहराच्या बाहेर आली तेव्हा त्यांनी मुलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे फोन बराच वेळ वाजत राहिला. मुलगी हातातल्या पडद्याकडे बघत उभी होती. पडद्यावर 'आई' असं नाव होतं आणि जोडीला आईचा हसरा फोटो. मग तिने उचलला.

पडद्यावर बाबा होते. मान सरळ होती. मागे भिंत नव्हती, खिडकी होती, आणि खिडकीतून झाडं मागे पळत होती.

"तुझ्या आईचा फोन चांगला चालतोय," काका म्हणाले. "परवा सकाळी पोचतो. स्टेशनवर कुणीतरी या, मला तिथलं काही माहीत नाही."