टाळेबंदीतले म्हातारे

जूनमध्ये पिट्सबर्गचा बास्केटबॉल संघ अंतिम मालिकेचा सातवा सामना दोन गुणांनी हरला. थॅडियस पेटवे डोक्यावर टॉवेल घेऊन कपडे बदलायच्या खोलीत बसून राहिला. वय सदतीस, उंची सात फुटांना दोन बोटं कमी. शेजारी कॉर्नेल बझ्बी, वर्षभराने लहान. पहिल्या पाचांत तेहतिशीच्या आतला एकही नव्हता.

"अजून एक वर्ष," कॉर्नेल म्हणाला. "एवढं एक कसंही ओढू. मग गुडघे गेले खड्ड्यात."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

एक जुलैला संघांच्या मालकांनी टाळेबंदी जाहीर केली. खेळाडूंच्या संघटनेशी करार होईपर्यंत सराव नाही, सामने नाही, आणि क्लबच्या माणसांनी खेळाडूंशी एक अक्षर बोलायचं नाही. थॅडने सरावगृहाच्या दाराला कार्ड लावलं, तर लाल दिवा लागला. आतला पहारेकरी काचेतून त्याला बघत होता. त्याने नुसती मान हलवली.

थॅडच्या उजव्या गुडघ्याची सगळी भिस्त क्लबच्या मालीशवाल्यावर, वॉल्ट शिमान्स्कीवर होती. अकरा वर्षं तोच तो चोळायचा, तोच पट्टी बांधायचा. कुठे पाणी साठतं, कुठे दाबलं की कळ जाते, हे त्याच्या अंगठ्याला पाठ होतं. सप्टेंबरात गुडघा सुजला तेव्हा थॅडने बाहेरचा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, "तुमच्या वयाच्या मानाने उत्तम आहे."

त्या शनिवारी सकाळी बाजारात वॉल्ट दिसला, पोलिश सॉसेजच्या दुकानात. त्याने आधी थॅडच्या पायाकडे पाहिलं, मग नजर काढून घेतली.

"वॉल्ट, एकच सांगा. बर्फ लावू की शेकू?"

वॉल्टने दाराकडे पाहिलं. "माझी नोकरी जाईल रे बाबा," तो पुटपुटला, आणि बांधून ठेवलेलं पुडकं तसंच टाकून दुकानाबाहेर पडला.

खेळाडूंचा आपापला सराव एका चर्चच्या तळघरात चालायचा. छत ठेंगणं, खाली सिमेंटवर फरशी. पहिल्या आठवड्यात नऊजण आले, ऑक्टोबरात चार. तरण्या संघांना काय, पोरं उन्हाळाभर कुठेही उड्या मारतील आणि दार उघडलं की ताजीतवानी आत येतील. यांची शरीरं म्हणजे जुन्या मोटारी. रोज चालवल्या तर चालायच्या, उभ्या ठेवल्या की गंजायच्या. कॉर्नेल बूट बांधायला वाकला की भिंतीचा आधार घ्यायचा. थॅडला ते दिसायचं.

नोव्हेंबरात मालकांनी शेवटचा प्रस्ताव दिला. थॅड खेळाडूंच्या संघटनेत संघाचा प्रतिनिधी होता. न्यूयॉर्कला जाऊन मत तोच देणार होता.

"हो म्हणून ये," कॉर्नेल म्हणाला. "वाईट तर वाईट करार. मला तो फक्त वर्षभर भोगायचाय."

"आणि जे दहा वर्षं खेळणार आहेत?"

"त्यांचे पाय त्यांच्याकडे आहेत ना? माझे कुठे आहेत, बघ तरी."

अठ्ठ्याण्णव साली अशीच टाळेबंदी झाली होती, तेव्हा थॅड चोवीस वर्षांचा होता. होलिस गेदर नावाचा छत्तीस वर्षांचा गडी पोरांच्या बाजूने ठाम उभा राहिला आणि पुन्हा कधी खेळला नाही. थॅडला पुढे जे मिळालं ते त्याच्या पाठीवर उभं राहून. हे कॉर्नेललाही माहीत होतं, म्हणूनच त्याने तो विषय काढला नाही.

"तू काहीही केलंस तरी वाईटच," बायको रेनीटा म्हणाली. "मग उद्या आरशात बघता येईल असं कर."

न्यूयॉर्कच्या हॉटेलात थॅडने नकाराला हात वर केला. जवळजवळ सगळ्यांनीच केला. परतल्यावर कॉर्नेलने चर्चमध्ये येणं बंद केलं आणि फोनही उचलला नाही.

दोनच आठवड्यांत करार झाला. थोडा बरा, फार नाही. पण आता सहासष्ट सामने चार महिन्यांत कोंबले होते. कधी लागोपाठ तीन दिवस तीन सामने. पहिल्या दिवशी वॉल्टने गुडघ्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"त्या दिवशी..."

"जाऊ द्या हो," थॅड म्हणाला. "किती उरलाय ते सांगा."

"तीस सामने. जपून खेळलास तर चाळीस."

तो चौतीस खेळला. फेब्रुवारीत, सलग तिसऱ्या दिवशी, उडी मारून खाली येताना गुडघा वळला आणि त्याला उचलून न्यावं लागलं. कॉर्नेलची पाठ त्याआधीच गेली होती. संघ कसाबसा बाद फेरीत पोचला आणि पहिल्याच मालिकेत हरला. समोर सगळी बाविशी-तेविशीतली पोरं होती.

शेवटच्या सामन्याला दोघे सूट घालून मागच्या बाकावर शेजारी बसले होते. हंगामभर कॉर्नेल कामापुरतंच बोलला होता. तिसऱ्या सत्रात, संघ वीस गुणांनी मागे असताना, मैदानावरची नजर न काढता तो म्हणाला, "तुझ्या जागी मी हो म्हटलं असतं."

"माहितीय."

"आणि जन्मभर तोंड लपवलं असतं." त्याने कोटाचं बटण सोडलं. "म्हणून काही तुला माफ केलेलं नाही मी."

"नको करूस," थॅड म्हणाला. त्याने पाय लांब करून पाहिला, पण समोरच्या खुर्चीमुळे तो सरळ होईना.