देवघर भाड्यानं दिलं नव्हतं

डोणगावातलं आमचं जुनं घर आम्ही पहिल्यांदाच भाड्यानं दिलं, तेव्हा बाबांनी एक खोली स्वतःकडे ठेवली. देवघर. नव्या घराची वास्तुशांत व्हायची होती, तोवर देव हलवायचे नव्हते. म्हणून रोज शाळेआधी मी फुलं घेऊन भाडेकरूंच्या स्वयंपाकघरातून आत जायचे, कुलूप काढायचे, पूजा करायचे. दुसरी वाटच नव्हती. असं घर भाड्यानं देणारे जगात आम्हीच.

भाडेकरू म्हणजे उत्तमराव, बियाण्यांच्या दुकानात कामाला, आणि त्यांची बायको जयमालाकाकू. पंधरा दिवसांत काकूच्या दंडावरचे वळ मला पाठ झाले. बाबांना दोनदा सांगितलं. त्यांचं एकच, आपण मालक असलो म्हणून दुसऱ्याच्या संसारात कसं बोलायचं, लोक काय म्हणतील. नवे मालक ना, भाडेकरूला तेच घाबरायचे.

गुरुवारी आत शिरले तर उत्तमराव काकूच्या छातीवर गुडघा रोवून बसलेला. एका हातात तिचे केस, दुसऱ्यात वरवंटा. तिनं माहेरी फोन केला होता म्हणे. फरशीवर रक्त आणि रक्तात तिचा दात.

मी दहावीत आहे, आणि शाळेच्या कबड्डीत माझ्या पकडीतून अजून कुणी सुटलेलं नाही. मागून त्याच्या कमरेला मिठी घातली आणि सगळं अंग झोकून त्याला ओट्यावर आपटलं. तो उठेपर्यंत देवघराचं कुलूप काढलं, काकूला आत ओढलं, कडी लावली.

मग वरवंटा दारावर बसू लागला. चौथ्या घावाला फळी फुटली. भगदाडातून हात आला आणि त्यानं माझी वेणी धरली. डोकं दारावर आदळलं, परत आदळलं, कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं. भिंतीला चिकटलेली काकू तेव्हा उठली. पितळी समई दोन्ही हातांनी उचलून तिनं त्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज आला. तिनं परत घातली.

आरडाओरडा ऐकून शेजारचे कचरूकाका पोलिसांना फोन करून बाबांना घेऊन आले. मी कडी काढली. बाहेर उत्तमराव मनगट पोटाशी धरून बसला होता.

"मालक, बायको माही हाय. तुम्ही मधात काऊन पडता?"

बाबांनी आधी माझं कपाळ पाहिलं, मग दार. मग ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"नाही पडलो, तेच चुकलं माहं. ही खोली तुले दिली नव्हती. पोलीस येईस्तोवर हालू नको."

तो उठायला गेला तसं कचरूकाकांनी त्याची मानगूट धरून त्याला फरशीवर दाबून धरलं.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर बाबा काकूला म्हणाले, चला, तुम्हाला संग्रामपूरला माहेरी सोडतो. काकूनं पदरानं तोंड पुसलं.

"मी काऊन जाऊ? खोल्या चांगल्या हायेत. भाड्याचा कागद माह्या नावानं करा."

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी कपाळाला ओढणी दाबून कागद आणायला निघालेही होते.