आहे त्या स्थितीत

या, अशा जवळ सरका. लांबून ऐकण्यासारखी ही गोष्ट नाही. एका साध्या माणसाची सांगते. त्याचं नाव कुठल्याही छापील सरकारी अहवालात सापडणार नाही, म्हणून तर सांगायची.

ऊर्जा समितीच्या सभागृहाच्या दाराशी त्याला त्याच्या मेहुण्याने अडवलं होतं.

“दाजी, आज तोंडाला कुलूप. कळलं?”

“आज तोंडाला कुलूप,” तो म्हणाला, आणि मेहुण्याच्या तोंडाकडे बघत थांबला.

“बरोबर म्हणणार नाही मी!” मेहुणा उसळला. “ती थेरं तुमच्या केंद्रात. आधीच सांगतो, तुम्ही तोंड उघडलंत तर सहाशे माणसं घरी बसतील. मग बहिणीच्या घराची पायरी चढणार नाही मी.”

मी समितीची लघुलेखिका. वही-पेन्सिल घेऊन दाराशेजारच्या टेबलाशी बसले होते, म्हणून हे कानावर पडलं. त्या ‘थेरां’चा अर्थ मला नंतर कळला. अणुवीज केंद्रात एक शिस्त असते. एकाने सांगायचं, अमुक व्हॉल्व्ह उघड. दुसऱ्याने ते जसंच्या तसं परत म्हणायचं. पहिल्याने ‘बरोबर’ म्हटलं, की मगच व्हॉल्व्हला हात लावायचा. एकतीस वर्षांत ही शिस्त या माणसाच्या हाडात मुरली होती. घरी बायकोने सांगितलं, मीठ आणा, की हा म्हणायचा, “मीठ आणायचं,” आणि ती ‘बरोबर’ म्हणेपर्यंत पिशवी घेऊन उंबऱ्यात उभा. केंद्रात त्याला सगळे ‘पुन्हासांग्या’च म्हणत.

त्या दिवशी मात्र त्याच्याशी सरळ बोलणारं कुणी नव्हतं. बायकोने भावाची बाजू घेऊन आदल्या दिवसापासून अबोला धरला होता. शर्टाला त्याने स्वतःच इस्त्री केली असावी, एका बाहीवर दोन घड्या दिसत होत्या. आणि खांद्यावर ओला डाग. फाटकाबाहेर अणुविजेच्या विरोधातली मंडळी घोषणा देत उभी होती. “विष विकणारा आला!” म्हणत त्यांच्यातलं कुणीतरी त्याच्यावर थुंकलं होतं. आत केंद्राची माणसं त्याला घरभेद्या म्हणत होती. देवाने एकेका माणसाला दोन्हीकडून झोडपून घ्यायलाच जन्माला घातलेलं असतं.

विषय होता ऊर्जा धोरणाचा मसुदा. त्यात एक ओळ होती: ‘जुन्या अणुभट्ट्यांना आहे त्या स्थितीत दहा वर्षांची मुदतवाढ द्यावी.’ केंद्रप्रमुखांनी लिहून दिलं होतं, स्थिती समाधानकारक. पाइपांची तपासणी करणारा अभियंता म्हणून यालाही नियमाप्रमाणे बोलावलं होतं. त्याने मान डोलवावी आणि घरी जावं, एवढीच अपेक्षा.

“लवकर आटपा,” अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले. “प्रमुखांपेक्षा वेगळं काही सांगायचंय?”

“आपण विचारलंत, प्रमुखांपेक्षा वेगळं काही सांगायचं आहे का. हो.”

“अहो, माणूस आहे की दरी?” एक सदस्य म्हणाला. “हाक मारावी तर तीच परत येते!”

सगळे हसले. तो हसणं संपायची वाट बघत उभा राहिला. मग म्हणाला, “भट्टीच्या बाजूला पाणी नेणारे पाइप आहेत. वळणावर पाणी आतून धातू खातं. बाहेरून रंग नवा दिसतो. मी दर वर्षी यंत्र लावून जाडी मोजतो. सुरुवातीला बारा मिलिमीटर होती. सात वळणांवर आता चार उरली. पाचाच्या खाली गेली की पाइप बदलायचा, हे आपल्याच नियमात लिहिलंय.”

केंद्रप्रमुख बसल्या जागेवरून म्हणाले, “यंत्र जुनं झालंय साहेब. आणि ते धरणारा हातही.”

पुन्हा हशा.

“यंत्र जुनं, हात जुना,” तो प्रमुखांकडे वळून म्हणाला. “म्हणून गेल्या महिन्यात नव्या यंत्राने, दुसऱ्याच्या हातून मोजून घेतलं. तेवढंच आलं. तो कागद आपल्याच टेबलावर आहे, साहेब. त्यावर आपण चहाचा कप ठेवता.”

या वेळी कुणी हसलं नाही. अध्यक्षांचा आवाज चढला. “थोडक्यात, तुम्ही अणुविजेच्या विरोधात आहात!”

“आपण म्हणता, मी अणुविजेच्या विरोधात. नाही. जन्मभर तीच केली. अजून वीस वर्षं ती चालावी म्हणून आलोय. आठ महिने भट्टी बंद ठेवा, पाइप बदला, मग खुशाल चालवा. मसुद्यातले तीन शब्द तेवढे काढा. आहे त्या स्थितीत.”

“याचं सगळं बोलणं कामकाजातून वगळा,” अध्यक्षांनी मला फर्मावलं. मी त्या मजकुराला पेन्सिलीने कंस केला. मागच्या रांगेत मेहुणा आणि त्याच्या टोळीने टाळ्या पिटल्या. मेहुणा कंत्राटी कामगारांचा मुकादम होता.

दुसरा कुणी असता तर खाली मान घालून निघाला असता. हा उभाच.

“साहेब, माझं म्हणणं आपल्याला पोचलं की नाही, कळत नाही मला. एकदा परत म्हणून दाखवता?”

अध्यक्ष लालबुंद झाले.

“मला? मला पाठ म्हणायला लावता? ऐका मग! पाइप झिजलेत, सात वळणांवर चार मिलिमीटर उरलेत, आठ महिने बंद ठेवून ते बदला, आणि बदलेपर्यंत भट्टीला एका दिवसाचीही मुदतवाढ देऊ नका. हेच ना? झालं समाधान?”

“बरोबर,” तो म्हणाला आणि खाली बसला.

कीर्तनकाराच्या मागे टाळकरी उभे असतात ना, ते ओळ उचलून परत म्हणतात. ती परत आली, की सांगणारा निर्धास्त पुढे जातो. तसा त्याचा चेहरा निवला होता. लोक पुढे म्हणाले, पक्का डाव टाकला. मी तो चेहरा पाहिलाय. डावबीव काही नव्हता. सांगितलेलं परत ऐकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे, एवढंच.

“हेही वगळा,” अध्यक्ष म्हणाले.

मी वही हातात घेऊन उठले. “साहेब, साक्षीदाराचं वगळता येतं. अध्यक्षांचं स्वतःचं बोलणं वगळायचं तर नियमाप्रमाणे सगळ्या सदस्यांच्या सह्या लागतात.”

अध्यक्षांवर खार खाऊन असलेले दोन सदस्य गालात हसले. “राहू द्या की. किती मुद्देसूद बोललात!” त्यांनी सही केली नाही.

माझी बदली जुन्या कागदांच्या कोठारात झाली. अहवाल मात्र छापला गेला, अध्यक्षांच्या तोंडच्या वाक्यासकट. तेच छापून आल्यावर मंत्रालयाला डोळेझाक करता येईना. धोरणातले ते तीन शब्द गेले. भट्टी बंद झाली.

सहाशे माणसं घरी बसली. मेहुण्याने बोलल्याप्रमाणे बहिणीची पायरी सोडली. बायको बोलायला लागली, पण कामापुरती. “साखर आणा.” हा म्हणायचा, “साखर आणायची,” आणि उंबऱ्यात थांबायचा. ती आत वळायची. थोडा वेळ उभा राहून तो निघून जायचा.

भट्टी बंद झाल्याच्या सहाव्या महिन्यात एका दुपारी तो खुर्चीतच गेला. मांडीवर रिकामी पिशवी होती.

मी अहवालाची प्रत घेऊन त्याच्या घरी गेले. त्याच्या बायकोने मला बसवलं. “शेवटच्या दिवशीसुद्धा मी बरोबर म्हटलं नाही हो,” एवढंच ती म्हणाली. तेवढ्यात दाराशी मेहुणा आला. पायरीखालीच उभा राहिला.

“ताई, ते पाइप कापायच्या कामावर मी होतो.” त्याने अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. मधून जेमतेम उजेड दिसत होता. “दाजी चार म्हणाले होते. एका वळणावर दोनच निघाले. त्याच्याखाली रोज आमची माणसं उभी असायची.”

तिने माझ्या हातातल्या अहवालाकडे बोट केलं. मग ती मला म्हणाली, “वाचा तेवढं.”

मी अध्यक्षांच्या तोंडचं ते बोलणं वाचलं. तिने डोळे मिटून एकेक शब्द परत म्हटला. पाइप झिजलेत. सात वळणांवर चार मिलिमीटर उरलेत. आठ महिने बंद ठेवून ते बदला, आणि बदलेपर्यंत भट्टीला एका दिवसाचीही मुदतवाढ देऊ नका. मग डोळे उघडून ती थांबली. अगदी त्याच्यासारखी.

मेहुणा पायरी चढून आत आला.

“बरोबर,” तो म्हणाला.

एवढीच गोष्ट. आता माझं एक मागणं आहे. घरात दिव्याचं बटण दाबाल आणि खोली उजळेल, तेव्हा क्षणभर त्या पुन्हासांग्याची आठवण काढा.

काय करायचं म्हणाले मी? परत म्हणून दाखवा पाहू.